चार बोटं उतरलेली आंबील

आंबील चाखायची नसते. हे आधीच सांगून ठेवते, कारण एवढ्याशा नियमापायी आमची दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती, आणि तो नियम मी मोडला होता.

येळवस म्हणजे काय असं कुणी विचारलं की मला आधी राग येतो, मग मी सांगते. लग्नानंतर पुण्यात राहायला आले तर शेजारच्या बायका म्हणायच्या, "अमावास्येला कसला गं सण?" अहो, तुमच्याकडं नसेल, आमच्या सोलापूरकडं असतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला घराला कुलूप लावून झाडून सगळी माणसं शेतात जातात. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा, शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडायची आणि मगच माणसांनी तोंडात घास घालायचा. जेवणाला भज्जी. भज्जी म्हटलं की पुणेकरणी विचारणार, कांद्याची का? कांद्याची नव्हे बाई. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चाकवत, गाजर, कांद्याची पात, रानात जे जे म्हणून असेल ते एका पातेल्यात शिजवायचं, वरून चिंचेचं पाणी आणि हरभऱ्याचं पीठ लावायचं. ती भज्जी. बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांबरोबर खायची. पोटभर खाल्ली की भला माणूस तिथंच बांधाला डोकं टेकून घोरायला लागतो.

पण सगळ्यात मान आंबिलीचा. आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ ताकात कालवायचं, लसूण-जिरं ठेचून उकळत्या पाण्यात सोडायचं, त्यात ते कालवण घालून ढवळत राहायचं. गार झालं की नव्या मडक्यात काठापर्यंत भरायचं, मडक्याला चुन्याची बोटं ओढायची, हळदकुंकू लावायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं. सकाळपर्यंत आंबते. पहिला घोट भुईचा. भुईला दिल्याशिवाय कुणी जिभेला लावायची नाही, करणारीनंसुद्धा नाही. मीठ बरोबर पडलंय का हे बघायलासुद्धा नाही.

आमचं घर भवानी पेठेत. पुढं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टॉवेल-चादरींचं बारकंसं दुकान आणि मागं दोन खोल्या. शेजारी मागांची खटखट दिवसभर चालू असायची, ती थांबली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. शेत होतं कुंभारीला. ते अण्णांचे थोरले भाऊ कसायचे. त्यांना आम्ही दोडप्पा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला दोडव्वा. कानडीत मोठा बाप आणि मोठी आई. अण्णा लहान असताना त्यांचे आईवडील गेले, तेव्हा दोडप्पांनीच त्यांना शिकवलं, दुकान घालून दिलं, वैरागची मुलगी बघून लग्न लावून दिलं. ती वैरागची मुलगी म्हणजे माझी आई.

दोडप्पा-दोडव्वाला मूल नव्हतं. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्हीच त्यांची पोरं. सुट्टी लागली की दोडव्वा आम्हाला कुंभारीला घेऊन जायची आणि परत पाठवताना डोळ्याला पदर लावायची. दुसरी माया तिची बैलांवर. दोन बैल होते, वासरं असताना आणलेले. सकाळी स्वतःच्या तोंडात भाकरी घालायच्या आधी ती त्यांना भाकरीचा तुकडा चारायची. दोडप्पा म्हणायचे, "माझ्याआधी बैल जेवतेत या घरात." ती म्हणायची, "तुमी नांगर वढा, तुमालाबी देते."

आई लग्न होऊन आली तेव्हा तिला कानडीतलं एक अक्षर कळत नव्हतं. घरात सगळे भांडायचे कानडीत आणि हिला वाटायचं हिच्याविषयीच बोलतायत. दोडव्वानं तिला सगळं शिकवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, सणवार, आणि येळवसेचं मडकंसुद्धा. आमच्या घराण्यात भज्जी थोरल्या सुनेची आणि आंबिलीचं मडकं धाकट्या सुनेचं. दरवर्षी आई मडकं सोलापुरात भरायची आणि आम्ही ते कुंभारीला न्यायचो. रस्त्यात खाली ठेवायचं नाही. आईला त्या मडक्याचा लई अभिमान. बाकी कशात ती स्वतःची टिमकी वाजवायची नाही, पण आंबिलीबद्दल कुणी बरं बोललं की दिवसभर गुणगुणायची.

आता माझा पराक्रम सांगते. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी नऊ वर्षांची. शिवारात यंदा पीक बघवत नाही इतकं आलंय असं सगळे म्हणत होते. आम्ही एसटीनं कुंभारीपर्यंत गेलो आणि थांब्यावर दोडप्पा बैलगाडी घेऊन उभे होते. आईच्या कडेवर पेंगलेला भाऊ, अण्णांच्या डोक्यावर पोळ्यांची दुरडी, म्हणून मडकं माझ्या मांडीवर आलं. मी गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसले, बाकी सगळे पुढं तोंड करून. पूजा होईपर्यंत पोरांनाही चहाशिवाय काही मिळायचं नाही, आणि चहा होऊन दोन तास झाले होते. फडक्यातून लसणाचा वास येत होता. मी आधी नुसती गाठ सैल केली. मग म्हटलं, एक घोट. आंबट, गार, लसणाची आंबील उपाशी पोटात गेली की काय होतं ते ज्यानं पिलीय त्यालाच कळेल. मडकं तिरकं करून मी पीत राहिले. गाडीला हिसका बसला तेव्हा भानावर आले आणि गाठ पुन्हा बांधून टाकली.

कोपीत दोडव्वानं फडकं सोडलं आणि आत बघितलं. "चार बोटं उतरलीया की गं," ती म्हणाली. मडक्याच्या आतल्या अंगाला आंबील कुठवर होती त्याची पांढरी खूण स्पष्ट दिसत होती. आई म्हणाली, "गाडीत हिंदकळली असंल, अक्का." विषय तिथंच संपला. पूजा झाली. दोडप्पा लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत, कानडीतली ठरलेली आरोळी देत शेताला फेरी मारून आले, आम्ही पोरं त्यांच्यामागं ओरडत पळत होतो. सांगायला लाज वाटते, पण मला काहीसुद्धा वाटलं नाही. मी तीन उंडे खाल्ले.

पंधरा दिवसांत बैल मेला. दोनांतला धाकटा, दोडव्वाचा लाडका. पोट फुगलं आणि दोन दिवसांत गेला. आता मला कळतं, दवातला ओला हरभरा त्यानं खाल्ला असणार, जनावराला तो बाधतो. दोडप्पांनाही तेव्हा कळलं असेल. पण दोडव्वाला कोण सांगणार?

संक्रांतीला सोलापुरात जत्रा असते, गड्डा म्हणतो आम्ही. दोडप्पा-दोडव्वा दरवर्षी जत्रेला आमच्याकडं उतरायचे. त्या वर्षी भोगीच्या दिवशी सकाळी आले. दोडव्वाचे डोळे सुजलेले. आई तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होती, मी उंबऱ्यावर बसून ओला हरभरा सोलत होते. दोडव्वा भिंतीला टेकून बसली, चहाला नको म्हणाली. आणि एकदम म्हणाली, "खरं सांग. मडक्याला कुणी तोंड लावलं?"

आई म्हणाली, "कुठलं मडकं, अक्का?"

"येळवसेचं. हिंदकळलं असतं तर फडकं भिजलं असतं. फडकं कोरडं हुतं. उष्टी आंबील आपण भुईला दिली, म्हणून माझा बैल गेला. पोरांनी प्याली का? खरं सांग."

खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या हातातला हरभऱ्याचा घाटा तसाच राहिला. मला वाटलं आता आई माझ्याकडं बघणार. तिनं बघितलं नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "पोरांनी न्हाई. मी चाखली."

"तू?"

"मीठ बघितलं."

"चार बोटं मीठ बघितलंस?"

आईनं परातीतलं पीठ एकवटलं. मग म्हणाली, "भूक लागली हुती."

दोडव्वा उठली. एवढी वर्षं मी तिला ओळखते, पण तिचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "माझा बैल खाल्लास तू," ती म्हणाली. "पुन्हा तुझं मडकं माझ्या रानात आणू नको." दुकानातून अण्णा आत आले. काय झालं, कुणाचं चुकलं, काही विचारलं नाही, नुसतं शेवटचं वाक्य ऐकलं आणि म्हणाले, "तिचं मडकं नको तर आमीबी नको. तिकडनं बोलावणं आल्याबिगर मी त्या शेतात पाय ठेवणार न्हाई." दोडप्पा उठले. दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि दोघं जत्रा न बघता परत गेले. तव्यावरची भाकरी करपली होती, ती आईनं स्वतः खाल्ली.

आणि मला काय वाटलं असेल? मला सुटल्यासारखं वाटलं. मी मनात हिशोब मांडला की आईनंही घरी मडकं भरताना चाखली असणार. म्हणजे उष्टी आधी तिनं केली. मी प्यायले तेव्हा ती उष्टीच होती. म्हणजे बैल तिच्यामुळं मेला. पोरं दुष्ट असतात असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही, कारण मी होते.

वर्ष गेलं ते कसं गेलं ते अण्णांकडं बघून कळायचं. आधी दर मंगळवारी दोडप्पा बाजाराला यायचे आणि दुपारी आमच्याकडं जेवायचे. दोघं भाऊ एका ताटात जेवत, न बोलता, आणि जेवून झालं की एकमेकांच्या पानातली सुपारी उचलत. भांडणानंतर दोडप्पा पलीकडच्या गल्लीनं जायला लागले. मंगळवारी दुपार झाली तरी अण्णा जेवायला उठायचे नाहीत. "गिऱ्हाईक हाय," म्हणायचे. दुकानात चिटपाखरू नसायचं. मग तीन वाजता येऊन दोन घास खायचे आणि आईनं विचारलं तर म्हणायचे, "आज भूक न्हाई." वडिलांच्या जागी असलेला भाऊ एका गल्लीच्या अंतरावरून निघून जातो, हे त्यांना सोसत नव्हतं, आणि बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही हे स्वतःच्याच तोंडानं बोलून बसले होते. शब्द गिळायची आमच्या घरात कुणाला सवय नाही.

दोडव्वा आमच्यासाठी पाठवायची मात्र. कुंभारीहून भाजी विकायला येणाऱ्या बाईकडं एक गाठोडं असायचं. कधी हुरडा, कधी भुईमुगाच्या शेंगा, उन्हाळ्यात कैऱ्या. बाई दारातून म्हणायची, "पोरांला दिलंय." एवढाच निरोप. आई ते भाजून, सोलून आम्हाला द्यायची आणि त्यातला एक दाणा स्वतःच्या तोंडात घालायची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं कुंभारीला गेलो, त्या बाईच्याच सोबतीनं. दोडव्वानं पंधरा दिवस आम्हाला न्हाऊ घातलं, माझ्या केसात रोज मोगरा माळला, तिच्याजवळ घेऊन झोपवलं. आईचं नाव एकदासुद्धा काढलं नाही. गोठ्यात एकच बैल उभा होता आणि शेजाऱ्याचा बैल मागून दोडप्पा काम उरकायचे.

परत आले तेव्हा मी आईवर चिडलेली होते. आई माझी वेणी घालत होती. मी म्हटलं, "तू चाखली नसतीस तर काही झालं नसतं."

"व्हय," आई म्हणाली. "चुकलं माझं." आणि वेणी घट्ट ओढून रिबन बांधली.

हे वाक्य मला आज साठी उलटल्यावरसुद्धा आठवतं, आणि मी कुठं असेन तिथं, स्वयंपाकघरात, बँकेच्या रांगेत, माझी मान खाली जाते.

पुढची येळवस जवळ आली. अण्णांच्या दुकानात चादरी घ्यायला येणारा एक शेतकरी होता, त्याचं रान कुंभारीच्या पुढं. तो सहज म्हणून गेला, "यंदा आमच्याकडं या की येळवसेला, पोरांबाळांना घिऊन." अण्णा नाही म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात पडद्याआडून आई म्हणाली, "येतो म्हणा." तो गेल्यावर अण्णा आत आले.

"ती वाट दादाच्या बांधावरनं जाती, ठावं हाय न्हवं तुला?"

"वाट काय दादांच्या मालकीची हाय व्हय?" आई म्हणाली आणि ज्वारी पाखडायला बसली.

मला तेव्हा तिचा डाव कळला नाही. येळवसेच्या दिवशी एक रीत असते. शेताजवळून जाणारा माणूस ओळखीचा असो, अनोळखी असो, भिकारी असो, त्याला हाक मारून जेवायला बोलवावंच लागतं. बांधावरून कुणी उपाशी गेला तर त्या वर्षीची पूजा फुकट. अण्णांना बोलावणं हवं होतं, दोडप्पांना ते करता येत नव्हतं, आणि आईनं दोघांना त्या रीतीच्या कचाट्यात आणून सोडायचं ठरवलं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती मडकं भरायला बसली. परक्याच्या रानात जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं, असं अण्णांना सांगून. मी शेजारी बसून लसूण सोलत होते. पातेल्यात आंबिलीचं पाणी रटरटत होतं. तिनं मुठीनं मीठ घातलं, ढवळलं, आणि मी मोठ्या माणसाच्या तोऱ्यात म्हटलं, "आई, यंदा चाखू नको हं."

"आंबील कुणी चाखतं का गं येडे?" ती ढवळता ढवळता म्हणाली. "बारा वर्षं झाली मडकं भरतीया, कधी जिभेला लावली न्हाई. मीठ मुठीला कळतं."

अभिमानाच्या भरात बोलून गेली. मग पळी थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं, आणि मला सगळं कळलं. तिनं चाखली नव्हती. कधीच नव्हती चाखली. मडक्याला तोंड एकाच माणसानं लावलं होतं आणि ते कोण हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. भोगीच्या दिवशी भाकरी उलटताना ठाऊक होतं. मी तिला टोचून बोलले आणि ती चुकलं माझं म्हणाली, तेव्हाही ठाऊक होतं.

"लसूण दे," ती म्हणाली. मी लसूण दिला. मला रडू येत होतं पण रडले असते तर अण्णा आत आले असते, म्हणून मी पाटावर बसून नुसतं नाक ओढत राहिले. शेजारची मागवाली काकू डोकावून म्हणाली, पोरीला सर्दी झालीय, ओवा दे.

सकाळी कुंभारीच्या थांब्यावर अर्थातच गाडी नव्हती. आम्ही चालत निघालो. अण्णा पुढं, नवं धोतर नेसलेले, त्यांच्या हाताला भाऊ, मागं मी, आणि सगळ्यात मागं आई, डोक्यावर मडकं. शिवारात कोपीच कोपी दिसत होत्या, सगळीकडून धूर आणि भज्जीचा वास. माझं पोट रिकामं होतं पण भूक मेली होती. दोडप्पांचं शेत जवळ यायला लागलं तशी अण्णांची चाल मंदावली. धोतराचा सोगा त्यांनी उगीच तीनदा नीट केला.

दोडप्पा कोपीच्या बाहेर उभे होते. त्यांनी आम्हाला लांबूनच बघितलं होतं. आम्ही बांधावर आलो तसे ते दुसरीकडं, तुरीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "वाटंनं कोण चाललंय? आज उपाशी जायाचं न्हाई कुणी. या जेवाया."

स्वतःच्या हातानं वाढवलेल्या भावाला वाटसरू केलं म्हाताऱ्यानं. आणि आमचे अण्णा तरी काय कमी? थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आमाला फुडं बोलावणं हाय, पाव्हणं."

"असंल. पर घास खाल्ल्याबिगर वाट न्हाई मिळायची हितनं."

"नुसता घास हां."

"तुमच्या मनानं खावा की."

तोवर माझा भाऊ हात सोडवून पळाला होता आणि दोडप्पांच्या कमरेला मिठी मारून, येताना किती कोपी मोजल्या ते सांगत होता. दोडप्पांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि तोंड फिरवलं. अण्णा बांधावरून खाली उतरले. शेतात पाय ठेवताना त्यांनी चप्पल काढून हातात घेतली.

आई उतरली नाही. बांधावरच उभी राहिली. अण्णांनी वळून बघितलं तेव्हा म्हणाली, "तुमी जावा. माझ्याजवळ मडकं हाय."

दोडव्वा कोपीत पाठमोरी बसली होती. भज्जीच्या पातेल्याखाली लाकडं सारत होती आणि मागं बघत नव्हती. मी तिच्यापाशी गेले. रात्रभर मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, सुरुवात कुठून करायची, आधी पाया पडायचं की नंतर. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, "दोडव्वा, आंबील मी प्यायले. गाडीत मागं बसून. आईनं नाही चाखली. आई कधीच चाखत नाही." अजून एक राहिलं होतं. "बैल माझ्यामुळं मेला."

दोडव्वा वळली. माझ्याकडं बघत राहिली. तिच्या हातातलं लाकूड धुमसत होतं, तेही तिनं खाली ठेवलं नाही. मला वाटलं मारणार, आणि मारलं तर बरं होईल असंही वाटलं. तिनं मारलं नाही. लाकूड चुलीत सारलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि मला बाजूला करून सरळ बांधाकडं चालायला लागली. मी तिच्यामागं पळाले.

आईसमोर जाऊन ती उभी राहिली. एक बांधावर, एक खाली शेतात.

"ही पोर म्हणतीया ती प्याली."

आईनं मडक्याला हात लावून ते सावरलं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग का गं बोलली न्हाईस? वरीस झालं. काय काय म्हणले मी तुला. गावभर सांगितलं. एकदा तरी तोंड उघडायचंस की."

आईला मान हलवता येत नव्हती, डोक्यावर भरलेलं मडकं. ती तशीच ताठ उभी राहून बोलली, आणि इतकं सलग बोलताना मी तिला त्याआधी क्वचितच ऐकलं होतं. "बैल गेला तवा तुमाला कुणावर तरी राग काढायचाच हुता, अक्का. माझ्यावर काढला, चाललं. मी काय, बाहेरनं आलेली. पर हिच्यावर राग धरला असता तर तुमी हिला पुन्हा जवळ घेतलं नसतं. तुमचा सोभाव मला ठावं न्हाई व्हय? बैल गेला तो गेला. वर पोरगीबी गेली असती तुमची. ती मी कुठनं आणून दिली असती?"

दोडव्वानं उन्हाळ्यात माझ्या केसात माळलेला मोगरा, जवळ घेऊन झोपवलेले ते पंधरा दिवस, दारात येणारी ती गाठोडी, हे सगळं आईनं तिच्यासाठी राखून ठेवलं होतं, स्वतः शिव्या खाऊन. तिला ते कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की कळलं, आणि मग मलाही कळलं.

ती बांधावर चढली. दोन्ही हात वर करून तिनं आईच्या डोक्यावरचं मडकं उतरवून घेतलं. आईची मान मोकळी झाली तशी ती मटकन खाली बसली, ढेकळात, नव्या लुगड्यासकट, आणि रडायला लागली. वर्षभरात मी तिला रडताना बघितलं नव्हतं. दोडव्वा तिच्या शेजारी बसली, मडकं मांडीवर धरून, कारण खाली ठेवता येत नव्हतं. ती पण रडत होती आणि रडता रडता कानडीत आईला शिव्या देत होती, आणि आईला आता त्या सगळ्या कळत होत्या. त्या दिवशी आमच्या पांडवांना नैवेद्य दाखवायला ऊन कलतं झालं, पण उशिरावरून कुणी काही बोललं नाही.